शाळा चांगली आहे, कशावरून?

गेल्या जूनमध्ये, शाळा सुरू व्हायला आठवडाभर उरलेला असताना, शेजारच्या वहिनींनी कुंपणापलीकडून मला एक प्रश्न विचारला. त्यांच्या धाकट्याचे पहिलीचे वय झाले होते. मोठी मुलगी रोज सकाळी पिवळ्या गाडीत बसून तालुक्याच्या गावी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाते. धाकट्याला मात्र गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घालावे, असे त्यांच्या मनात घोळत होते. मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे, माझा मुलगा त्याच शाळेत तिसरीला आहे, तेव्हा मला आतले-बाहेरचे सगळे ठाऊक असणार, या विश्वासाने त्यांनी विचारले, "ताई, आपली शाळा चांगली आहे का हो?" मी म्हटले, "चांगली आहे की." त्यावर त्या लगेच म्हणाल्या, "कशावरून?" त्यांच्या स्वरात संशय नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे होते, कारण मूल त्यांचे होते आणि पहिलीचे वर्ष पुन्हा येणार नव्हते. मी नव्या रंगाबद्दल, बाईंच्या स्वभावाबद्दल, मैदानाभोवती लावलेल्या झाडांबद्दल सांगितले. वहिनी मान डोलावून आत गेल्या. मी सांगितलेले सगळे खरे होते, तरी ते त्या प्रश्नाला पुरे पडले नव्हते, आणि ती टोचणी पुढे कितीतरी दिवस मनातून गेली नाही.

गावात शाळेची पारख ज्या गोष्टींवरून होते, त्या बहुतेक सगळ्या रस्त्यावरून दिसणाऱ्या असतात. प्रवेशद्वाराची कमान, भिंतींवर रंगवलेले पाढे आणि वारली नृत्य, वर्गातला मोठा टीव्ही, पंधरा ऑगस्टची कवायत, स्नेहसंमेलनातली गाणी. त्यातही दोन गोष्टींना फार मोठे वजन आहे, पट आणि शिष्यवृत्ती. पट घसरला की शाळा घसरली, असे चावडीवर सहज बोलले जाते. मग त्या वर्षी गावात पहिलीच्या वयाची मुलेच किती होती आणि किती कुटुंबे पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईकडे गेली, हे कोणी मोजत नाही. शिष्यवृत्तीच्या फलकाचेही तसेच आहे. ही परीक्षा २०१६-१७ पासून चौथीऐवजी पाचवीला घेतली जाऊ लागली, तेव्हा चौथीपर्यंतच्या कितीतरी शाळांच्या फलकांवर नवे नाव चढणेच थांबले. शिक्षक तेच होते, शिकवण्याची रीत तीच होती, पण गावाच्या नजरेत शाळेचा दिमाख उतरला. शिवाय ज्या मुलांची नावे त्या फलकांवर येतात, त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी संध्याकाळी शेजारी बसून गणिते सोडवून घेणारे कोणीतरी असते. त्या यशात शाळेचा वाटा किती आणि घराचा किती, हे फलकावरून समजत नाही. ज्याच्या घरी असे कोणीच नाही, त्या मुलाचे शाळेने काय केले, हे तर अजिबातच समजत नाही.

या विचारात असताना मला माझी स्वतःची शाळा आठवली. तीही जिल्हा परिषदेचीच, दुसऱ्या तालुक्यात, कौलारू, दोन खोल्यांची. शनिवारी मुलींनी शेणाने जमीन सारवायची आणि मुलांनी पटांगण झाडायचे, अशी वाटणी होती. ओल्या सारवणाचा तो थंड वास, दगडी पाटीवर पेन्सिल किरकिरण्याचा आवाज आणि पाटी पुसायला आणलेल्या ओल्या फडक्याचा कुबट दर्प मला आजही स्पष्ट आठवतो. तपासणीची तारीख कळली की शाळेचा नूर पालटायचा. वयस्कर माणसे तपासणीला येणाऱ्या साहेबांना तेव्हाही 'दिपोटी' म्हणत. गुरुजी आठवडाभर आधी एक धडा निवडून तो आमच्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घ्यायचे, पाढे म्हणणारी मुले पुढच्या रांगेत बसवायचे, आंब्याच्या पानांचे तोरण बांधून घ्यायचे. आमच्या वर्गात एक मुलगा होता. वयाने आमच्याहून मोठा, अंगाने दणकट, झाडावर सरसर चढणारा, गुरांच्या खुरांवरून कोणाचे जनावर गेले ते सांगणारा. त्याला वाचता येत नसे. तपासणीच्या आदल्या दिवशी शाळा सुटताना गुरुजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी मायेने सांगितले, "उद्या तू गुरांमागं गेलास तरी चालंल." तो आनंदाने हसला होता. आम्हाला त्याचा हेवा वाटला होता.

दुसऱ्या दिवशी शाळेला उत्तम शेरा मिळाला.

गुरुजी वाईट नव्हते. पहिली ते चौथीचे चार वर्ग ते एकटे सांभाळत, पावसाळ्यात ओढा ओलांडून चालत येत आणि आमच्यातल्या अनेकांना त्यांनीच घडवले. पण आता वाटते की त्या शाळेबद्दल जे सर्वांत महत्त्वाचे सत्य होते, ते त्या दिवशी गुरांमागे रानात होते. साहेबांनी जे पाहिले तेही खरेच होते. पुढच्या रांगेला पाढे खरोखर येत होते. फक्त शाळेचा कस ज्याच्यावर लागायचा, तोच वर्गात नव्हता. तो मुलगा चौथीनंतर शाळेत दिसला नाही, आणि पुढच्या वर्षी तपासणीला पुन्हा तसाच शेरा मिळाला.

म्हणूनच 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' पाहणीची रीत मला मोलाची वाटते. २००५ पासून चालत आलेल्या या पाहणीच्या निष्कर्षांवर वर्तमानपत्रांत वाद होतात, चाचणी फार साधी आहे असा आक्षेपही घेतला जातो. चाचणी साधीच आहे. आधी अक्षरे, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि शेवटी दुसरीच्या पातळीची छोटीशी गोष्ट. गणितात अंक ओळखण्यापासून हातच्याची वजाबाकी आणि भागाकारापर्यंत. पण मुद्दा चाचणीच्या काठिण्याचा नाही. पाहणी करणारी मंडळी मुलांना शाळेत गाठत नाहीत. निवडलेल्या गावातल्या वीस घरांत जातात आणि त्या घरातल्या मुलाला जिथे असेल तिथे, ओसरीवर किंवा गोठ्यापाशी, वाचायला सांगतात. त्यामुळे त्या दिवशी शाळेत न आलेले मूल मोजले जाते, खाजगी शाळेतले मोजले जाते, कोणत्याच पटावर नसलेलेही मोजले जाते. पुढची रांग लावण्याची सोयच तिथे राहत नाही. माझ्या वर्गातला तो मुलगा अशा पाहणीत नक्की सापडला असता. अर्थात या पाहणीतून जिल्ह्याची आणि राज्याची स्थिती कळते. आमच्या गावच्या शाळेचे उत्तर तिच्यात मिळत नाही. ते आपले आपणच शोधायला हवे.

शोधायचे तर कशाच्या आधारे? कायद्याने काही मापे घालून दिलेली आहेत. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो की साठ मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक हवेत, पाचवीपर्यंत वर्षाला किमान दोनशे दिवस शाळा भरली पाहिजे, मुलामुलींना वेगवेगळी स्वच्छतागृहे हवीत, पिण्याचे पाणी हवे, ग्रंथालय हवे, मैदान हवे. आमच्या शाळेत हे सगळे आहे आणि ते असण्यासाठी अनेकांनी खस्ता खाल्ल्या आहेत, त्याला मी कमी लेखत नाही. पण समितीवर आल्यापासून मला एक सवय लागली आहे. वस्तू आहे का, हे पाहून झाले की ती मुलांच्या हाती पडते का, हे मी पाहते. पूर्वी मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप असे आणि किल्ली कार्यालयातल्या खिळ्याला. कुलूप लावण्यामागचे कारण रास्त होते. सुटीत बाहेरची माणसे येऊन घाण करत. तरी भर वर्गात उठून, सरांसमोर जाऊन किल्ली मागणे सात वर्षांच्या मुलीला किती अवघड जाते, हे बाईमाणसाला सांगावे लागत नाही. मुली दुपारपर्यंत पाणी पीत नसत. कागदावर मात्र त्या रकान्यात 'आहे' असेच लिहिलेले होते, आणि ते खरेही होते. पुस्तकांच्या कपाटाचेही असेच. एखाद्या शाळेच्या कपाटातली पुस्तके कोरी करकरीत दिसली की मला बरे वाटत नाही. पाने दुमडलेली, कडा फाटलेल्या, वरच्या पुठ्ठ्यावर कोणीतरी पेनाने मिशा काढलेल्या, अशी पुस्तके असली म्हणजे ती घरी जाऊन आलेली असतात.

जानेवारीत मी मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन एक पूर्ण दिवस वर्गात बसले. आमची शाळा द्विशिक्षकी आहे. पहिली-दुसरी बाईंकडे आणि तिसरी-चौथी सरांकडे. परिपाठ झाला, हजेरी झाली आणि मग मला अपेक्षित नसलेली हालचाल सुरू झाली. वाचनाच्या तासाला मुले आपापल्या इयत्ता सोडून उठली आणि दोन्ही खोल्यांमध्ये मिसळून नव्या गटांत बसली. ज्याला अक्षरांपाशी अडते तो एका गटात, शब्द वाचणारे दुसऱ्या, सलग वाचणारे तिसऱ्या. चौथीतले दोघे दुसरीतल्या मुलांबरोबर बसले आणि त्याबद्दल कोणी कोणाला चिडवले नाही. बहुधा ते रोजचेच झाले असावे. बाईंच्या गटात एक मुलगी होती, बीडकडून आलेल्या ऊसतोड कामगारांची. गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या गावाबाहेरच्या माळावर टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात, पहाटे अंधारातच आई-बाप फडात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये हंगाम संपला की अख्खा तळ उठतो. ही मुलगी वयाने तिसरीची. तिच्याजवळ गावाकडच्या शाळेचा दाखला नव्हता. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही आणि मुलाला वयाप्रमाणे वर्ग द्यावा लागतो, असे कायदाच सांगतो. पण वर्गात बसायला मिळणे आणि त्या वर्गातले काही समजणे यांत फार अंतर असते, आणि शाळेची खरी मेहनत त्या अंतरात असते.

बाईंनी तिच्यापुढे शब्दपट्ट्या मांडल्या. 'पाऊस' तिने जरा थांबून वाचला. पुढची पट्टी होती 'विहीर'. तिने बोट ठेवत "वि… ही… र" असे तीन वेगवेगळे आवाज काढले आणि बाईंकडे पाहिले. अक्षरे बरोबर होती, पण त्यांच्यातून काहीच तयार झाले नव्हते. बाईंनी पट्टी उचलली नाही की शब्द सांगूनही टाकला नाही. त्यांनी विचारले, "गावाकडं पाणी कुठनं आणता गं?" ती म्हणाली, "हिरीवरनं." बाई म्हणाल्या, "मग तीच ही." मुलीने पुन्हा पट्टीकडे पाहिले, बोट न ठेवता, आणि या वेळी तो शब्द तिच्या तोंडून सलग बाहेर पडला. बाई पुढच्या मुलाकडे वळल्या होत्या. या सगळ्याला मिनिटभरही लागले नसेल.

मधल्या सुटीत मी बाईंना विचारले की ही मुलगी किती शिकली. त्यांनी पिशवीतून एक दोनशे पानी वही काढली. तिच्यात प्रत्येक मुलाला स्वतंत्र पाने दिलेली होती. त्या मुलीच्या पानावर ती आली तेव्हाची तारीख होती, त्या वेळी ओळखता येणारी अक्षरे होती, मग 'काना जमला', 'वेलांटीत ऱ्हस्व-दीर्घ गोंधळ', 'तीन दिवस गैरहजर, धाकटा भाऊ आजारी' अशा नोंदी होत्या. दुसऱ्या एका मुलाच्या पानावर लिहिले होते, 'हातच्याची वजाबाकी येते, मध्ये शून्य आले की अडतो'. सरांच्या वर्गासाठीही त्या वाचनाच्या नोंदी ठेवतात; माझ्या मुलाच्या पानावर 'वेगात वाचतो, ओळ गाळतो, विचारल्यावर गोष्ट नीट सांगत नाही' असे होते, आणि ते वाचताच मला तो घरी पुस्तक कसा भराभर संपवतो ते आठवले. ही वही कोणत्याही पोर्टलवर भरायची नसते, केंद्रप्रमुखांनी ती मागितलेली नाही, तपासणीच्या कोणत्याही नमुन्यात तिला जागा नाही. उलट जी प्रगतिपुस्तके कार्यालयात रचून ठेवावी लागतात, त्यांतल्या वर्णनात्मक नोंदी मी काही शाळांमध्ये पाहिल्या आहेत; 'अक्षर सुधारणे आवश्यक', 'उपक्रमात उत्साहाने भाग घेतो', अशी पाच-सहा वाक्ये आलटून पालटून सगळ्या मुलांच्या नावापुढे उतरलेली असतात. नावे झाकली तर कोणते पुस्तक कोणाचे हे आईलाही ओळखता येणार नाही. बाईंच्या वहीतले पान वाचल्यावर मात्र ते मूल डोळ्यांसमोर उभे राहत होते.

दुपारी खिचडी आणि मटकीची उसळ होती. नियमाप्रमाणे प्राथमिकच्या मुलाला दिवसाला शंभर ग्रॅम तांदूळ धरलेला असतो आणि वाढण्यापूर्वी शिक्षकाने चव घेऊन नोंदवहीत लिहायचे असते. सरांनी उभ्या उभ्या दोन घास खाल्ले आणि स्वयंपाकीण ताईंना मीठ कमी असल्याचे सांगितले. मुले व्हरांड्यात समोरासमोर दोन रांगांत बसली. कोणाला कोणाशेजारी बसवले जाते, दुसऱ्यांदा वाढताना पळी कोणापर्यंत पोहोचते, हे मी मुद्दाम पाहत होते. कोप्यांवरच्या मुलांनी आधी अजिबात मागितले नाही, मग ताईंनी न विचारता त्यांच्या ताटात वाढले. त्या पंगतीकडे पाहताना मला जे कळले ते मी कोणत्या रकान्यात लिहिणार होते?

याचा अर्थ आमच्या शाळेत सगळे आलबेल आहे असा नाही. सरांचा गणिताचा तास मला कंटाळवाणा वाटला. ते फळ्यावर उदाहरण सोडवतात आणि मुले उतरवून घेतात. इंग्रजीची पुस्तके मुले सुरात म्हणतात, अर्थ विचारला की गप्प होतात. त्यातच सरांकडे मतदार यादीचे काम आहे, महिन्यातले काही दिवस त्यांचे लक्ष त्या यादीत अडकलेले असते आणि कधी कधी ते स्वतःही तिकडेच असतात. मग बाई एकट्या चारही वर्ग पाहतात आणि तेव्हा ते वाचनाचे गटही होत नाहीत. अशा दिवशी कोणी बाहेरचा माणूस येऊन बसला, तर त्याचे मत माझ्यापेक्षा अगदी वेगळे होईल, आणि ते चूक म्हणता येणार नाही. शाळा जे करते आणि शाळेचे जे केले जाते, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवून पाहायला हव्यात, असे मला फार वाटते. रिकाम्या जागा, बदल्या, वर्षभर मागवली जाणारी माहिती यांचा हिशेब बाईंच्या आणि सरांच्या नावावर टाकणे अन्यायाचे आहे. पण त्याच वेळी, मुलाला मात्र ते वर्ष एकदाच मिळते आणि त्याच्यापुरता तो हिशेब कोणाच्या नावावर पडला याने काहीच बदलत नाही, हेही मला नजरेआड करता येत नाही.

आणखी एक गोष्ट मला प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. बाई त्या मुलीसमोर बसल्या होत्या तेव्हा माझा मुलगा मागे आपले वाचन संपवून खिडकीबाहेर पाहत होता. आई म्हणून मला क्षणभर वाटले की त्याच्याकडेही कोणी यावे, त्याला काहीतरी अवघड द्यावे. एप्रिलमध्ये टोळी परत जाणार, ती मुलगी पुन्हा दिसेल न दिसेल, आणि माझा मुलगा इथलाच. मग शाळेचा वेळ कोणावर खर्च व्हावा? हा विचार माझ्या मनात आला आणि त्याचा मला त्रासही झाला. गावातल्या अनेक पालकांच्या मनात तो येत असणार आणि पिवळ्या गाडीची वाट धरण्यामागे इंग्रजीइतकेच हेही कारण असणार. माझ्याजवळ याचे सोपे उत्तर नाही. एवढेच सांगता येते की जी शाळा शेवटच्या गटातल्या मुलीला नेमके काय अडते हे जाणते, तीच शाळा माझा मुलगा ओळ गाळतो हेही जाणते. ही दोन्ही पाने एकाच वहीत आहेत. ज्या शाळेत मागच्या रांगेकडे कोणी पाहत नाही, तिथे पुढच्या रांगेतल्या मुलांकडूनही बहुतेक वेळा फक्त पाढेच म्हणून घेतले जातात.

वहिनींनी मुलाला जूनमध्येच आमच्या शाळेत घातले. शाळा जवळ आहे आणि आजीला सोडता-आणता येते, ही त्यांची कारणे होती आणि ती चांगलीच कारणे आहेत. मध्यंतरी त्यांनी सहज चौकशी केली, तेव्हा मी त्यांना सुचवले की पालक सभेला जाल तेव्हा आपल्या मुलाबद्दल विचाराच, पण त्याआधी बाईंना विचारा, वर्गात सध्या कोणाला वाचता येत नाही आणि त्याच्यासाठी काय चालले आहे. "सगळ्यांना येतं," असे उत्तर मिळाले तर काळजी करा, आणि दोन-तीन मुलांबद्दल त्या तपशिलाने बोलू लागल्या तर निश्चिंत राहा. नावे नाही सांगितली तरी चालेल. वहिनी म्हणाल्या, "आणि बाईंची बदली झाली तर?" हा प्रश्न पहिल्यापेक्षाही अवघड होता, कारण ती वही बाईंच्या पिशवीत असते, शाळेच्या कपाटात नसते.

समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो. गेल्या वर्षीच्या आराखड्यात संरक्षक भिंत, दोन पंखे, पाण्याची टाकी आणि रंगकाम होते. या वर्षीच्या सभेत मी दोन विषय लेखी दिले आहेत. पहिला, प्रत्येक मुलाच्या वाचन-गणिताची अशी वही शाळेची म्हणून ठेवावी, शिक्षक बदलला तरी ती इथेच राहावी, आणि हंगामानंतर परत जाणाऱ्या मुलांच्या हाती, पुढच्या शाळेत दाखवायच्या शिक्षण हमी पत्रकाबरोबर, त्यांच्या पानाची प्रतही द्यावी. दुसरा, मतदार यादीच्या कामामुळे शाळेचे किती दिवस गेले याची नोंद करून ती गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवावी. पहिल्या विषयावर सर थोडे नाराज आहेत. आधीच लिहिण्याचे काम कमी आहे का, असे ते म्हणाले, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. बाईंनी त्यांच्या वहीचा नमुना दाखवायचे कबूल केले आहे. सभा येत्या शनिवारी, शाळा सुटल्यावर आहे.